साध्या वस्तूंची निवड

वस्तुसंग्रहालय म्हटलें कीं जुनीं नाणीं, भग्न मूर्ति, राजेरजवाड्यांचीं शस्त्रें असें कांहींतरी डोळ्यांपुढें उभें राहतें. बाजारांत रोज विकत मिळणारी वस्तु पाहावयास तेथें कोणी जात नाहीं. असें असतां १९३४ च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संस्थेनें नेमक्या तसल्याच वस्तू लोकांपुढें मांडल्या. पोलादी स्प्रिंगा, बॉल-बेअरिंगें, बोटीचे पंखे, प्रयोगशाळेंतील कांचेचे चंबू, स्वयंपाकाचीं पातेलीं अशा सुमारें चारशें वस्तू. आणि पुतळे मांडावेत तशा त्या मांडलेल्या होत्या. ‘यंत्रकला’ अशा अर्थाचें नांव या प्रदर्शनास दिलेलें होतें.

निवड केली होती फिलिप जॉन्सन या सत्तावीस वर्षांच्या तरुणानें. पुढें तो वास्तुशिल्पज्ञ म्हणून नांवारूपास आला. त्याची कसोटी सोपी, पण कडक होती. वेलबुट्टीच्या, नक्षीच्या वस्तूस प्रवेश नाहीं. नुसती रेषा, नुसता आकार आणि धातूची वा कांचेची स्वतःची कांति, एवढेंच काय तें पाहावयाचें. सरळ रेषा आणि वर्तुळ यांचें सौंदर्य दुसऱ्या कशावर अवलंबून नसतें, हा प्लेटोचा विचार सूचिपत्राच्या आरंभीं मुद्दाम छापला होता. त्याच सूचिपत्रांत पुढें वस्तु कोणत्या कारखान्याची व तिची किंमत काय, हेंहि दिलेलें होतें. प्लेटो आणि दरपत्रक एका पुस्तकांत सुखानें नांदल्याचें उदाहरण विरळाच! परीक्षकांमध्यें अटलांटिक महासागर विमानानें एकटीनें ओलांडणारी अमेलिया इअरहार्ट आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हीं होतीं. परीक्षकांनीं पहिला मान दिला तो एका जाड स्प्रिंगेच्या तुकड्यास.

नक्षी म्हणजेच सौंदर्य, या समजुतीस असा उघड धक्का देणें हें लहान काम नव्हे. तथापि या निवडींत एक उणें राहिलें होतें. जॉन्सननें वस्तू डोळ्यानें निवडल्या, हातानें नव्हे. सूचिपत्राच्या मुखपृष्ठावर योझेफ आल्बर्स या कलावंतानें एका बॉल-बेअरिंगाचें चित्र योजिलें होतें. कड्यांत कडें आणि मध्यें गोळ्यांची रांग, असें तें शोभिवंत वर्तुळ. आतां तें मूळ कोठून आलें तें पाहावें. स्वीडनमध्यें गोथेनबर्ग येथें एका कापडाच्या गिरणींत स्वेन विंगक्विस्ट नांवाचा यंत्रज्ञ काम करीत असे. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती खचे, इमारत किंचित् कले, लांबलचक दांडे एका रेषेंत राहत ना आणि बेअरिंगें वरचेवर निकामी होत. विंगक्विस्टनें १९०७ सालीं गोळ्यांच्या दोन रांगा घेतल्या आणि बाहेरच्या कड्याचा आंतला पृष्ठभाग गोलाच्या पोटासारखा खोलगट केला. त्यामुळें दांडा थोडा तिरपा झाला तरी गोळ्या न अडतां फिरूं लागल्या. ज्या वर्तुळाकडे न्यूयॉर्कचे रसिक कौतुकानें पाहत होते, तें अशा रीतीनें खचत्या जमिनींतून निघालें होतें. नुसत्या पाहण्यानें हें कोणास कळावें?

संस्थेनें पुढें आपली कसोटी घराजवळ आणली. १९३८ सालीं तिनें पांच डॉलरांच्या आंतील घरगुती वस्तूंचें प्रदर्शन भरविलें. १९४२ मध्यें युद्धकार्यास लागणारे धातु ज्यांत आहेत अशा वस्तू वगळून निवड केली. १९५० ते १९५५ पर्यंत एडगर कॉफमन यांच्या देखरेखीखालीं शिकागोच्या मोठ्या व्यापारी पेठेशीं सहकार्य करून ‘गुड डिझाइन’ ही प्रदर्शनें झालीं. निवडलेल्या मालावर तशी चिठ्ठी लावून तो दुकानांत विकला जाई. गिऱ्हाइकाची सोय झाली खरी. पण चिठ्ठी पाहून घेणारा माणूस वस्तु पाहावयाचें सोडतो, ही भीति उरतेच.

शिकागोंतील पहिल्या प्रदर्शनाची मांडणी चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्यानें केली होती. पुढें भारत सरकारच्या निमंत्रणावरून तीं हिंदुस्थानांत हिंडलीं व १९५८ सालीं त्यांनीं आपला अहवाल सादर केला. अहमदाबादेस १९६१ त नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन निघाली ती या अहवालास अनुसरून. एवढा देश पाहून त्यांनीं सर्वांत अधिक वाखाणला तो साधा लोटा. त्याच्या सुंदरतेची नुसती वाहवा करून तीं थांबलीं नाहींत. प्रश्नामागून प्रश्न त्यांनीं मांडले. पाणी किती मावावें? तो डोक्यावर न्यावयाचा कीं कमरेवर? ओततांना तोल कसा राहतो? आंतून घांसतां येतो काय? डोळे मिटून हातांत घेतला तर कसा लागतो? किंमत काय, आणि मोडीस काय येईल? हा आकार एका कोणा माणसानें रचलेला नाहीं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनीं तो घडविला, असें त्यांचें म्हणणें होतें.

महाराष्ट्रांतील घरोघरचा तांब्या या लोट्याचाच सख्खा भाऊ. त्याच्या गळ्याला दोरीचा फांस बसतो, म्हणून वाटसरू तो विहिरींत सोडूं शकतो. काठ बाहेर वळलेला, म्हणून ओला असला तरी बोटांतून निसटत नाहीं. तोंड रुंद, म्हणून घांसतांना हात आंत जातो. आणि चेपून, गळून निकामी झाला कीं तो तांबटाकडे मोडीच्या भावानें तराजूंत पडतो.