ओढणाऱ्या गाडीची तयारी

सकाळी साडेसहा

मानपाड्याला घोडबंदर रस्ता मोकळा सापडतो तो एवढाच वेळ. मेट्रोच्या खांबांखाली शाळेच्या बसेस दाटायच्या आत मला वजनकाटा गाठायचा असतो. आजचं काम एका निवृत्त जोडप्याचं आहे. एका आसाची छोटी कॅरॅव्हॅन, दोघांपुरती, आणि ती ओढायला त्यांची घरचीच डिझेल एसयूव्ही. जायचंय भंडारदऱ्याला, म्हणजे कसारा घाट चढून.

गाडीला अजून हूक नाही, म्हणून कॅरॅव्हॅन फ्लॅटबेडवरून आली. फ्लॅटबेड काट्यावर भरलेली चढवली, उतरवून घेतल्यावर पुन्हा रिकामी चढवली. वजाबाकी म्हणजे कॅरॅव्हॅनचं खरं वजन. "सामान भरूनच आणा," असं मी फोनवर बजावलं होतं. गाद्या, भांडी, पाणी, गॅस, खुर्च्या, सगळं आत हवं.

"काका, कंपनीने वजन किती सांगितलंय?"

"आठशे."

पावत्यांतला फरक निघाला ९६० किलो. कॅरॅव्हॅनच्या प्लेटवर कमाल वजन १००० लिहिलेलं आहे, म्हणून काम पुढे सरकलं. तसं नसतं तर सामान कमी केल्याशिवाय मी हूक लावला नसता. आपल्याकडे गाडीची ताकद सगळे विचारतात, मागच्या वजनाची चौकशी कोणी करत नाही. ओढायला ताकद बहुतेक गाड्यांत असते. मागून ९६० किलो ढकलत असताना गाडी सरळ राहील का आणि थांबेल का, हे मात्र वजन माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. माझ्या कामात काट्याच्या पावतीहून मोठं हत्यार नाही.

सकाळी आठ

शटर उघडलं. आधी गाडीचं माहितीपुस्तक. ब्रेक असलेला ट्रेलर किती किलोचा ओढता येईल, हे बनवणाऱ्या कंपनीने लिहिलेलं असतं. लिहिलेलंच नसेल, किंवा ओढू नका असं लिहिलं असेल, तर मी काम घेत नाही, कितीही ओळखीचा माणूस असो. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना सांगतात की भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. त्यांचा अनुभव जुना आहे. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी सहलीसाठी घोड्यांची 'द वाँडरर' बांधून घेतली ती १८८५ मध्ये, आणि तिथला कॅरॅव्हॅन क्लब १९०७ पासूनचा. आमच्या घाटांसाठी मला ८५ टक्केही जास्त वाटतात. काकांची गाडी १९०० किलोची, कॅरॅव्हॅन त्याच्या निम्म्याला जेमतेम ओलांडते. हे मला पटतं.

हूक बसतो तो चासीला, कंपनीने ठेवलेल्या भोकांतून, १०.९ ग्रेडच्या बोल्टांनी, टॉर्क पान्याने मोजून आवळून. बंपरवर वेल्डिंग अजिबात नाही. बंपरमध्ये फिरवून बसवायची जी कडी गाडीसोबत मिळते, ती खड्ड्यातून गाडी ओढून काढण्यापुरती. तिला ट्रेलर लावून निघालेली माणसं मी या रस्त्यावर पाहिली आहेत आणि थांबवून बोललोही आहे.

हुकावरचा गोळा ५० मिलिमीटरचा. बाजारात दोन इंचीही मिळतो, तो ५०.८ चा. दिसायला जुळा भाऊच, पण कॅरॅव्हॅनच्या नाकाची, गोळ्यावर बसणारी टोपी दोन इंची असेल आणि ती ५० च्या गोळ्यावर बसवली तर ती सैल राहते आणि खड्ड्यात उसळून सुटू शकते. म्हणून व्हर्निअर लावल्याशिवाय गोळा बसवत नाही. वापरून झिजत तो ४९ वर आला की भंगारात. गाडी भरलेली असताना गोळ्याचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर उंचीवर आला पाहिजे, म्हणजे कॅरॅव्हॅन नाक वर न करता सपाट उभी राहते.

साडेदहा

वायरिंग. हल्लीच्या गाड्यांत टेललाइटची वायर सोलून जोड मारला तर गाडीचा कंट्रोलर गोंधळतो, म्हणून स्वतंत्र फ्यूजचं रिले मॉड्यूल लावतो. मग सात पिनांचं सॉकेट. काकू मागे उभ्या राहून सांगत होत्या: "डावा लागला. उजवा लागला. ब्रेक लागला, पण त्यासोबत इंडिकेटरही मिणमिणतोय." हे ऐकलं की मल्टिमीटर काढायच्या आधीच मला कळतं, अर्थिंग कच्चं आहे. परतीची वाट न मिळालेला करंट दुसऱ्या बल्बातून वाट काढतो. पांढरी वायर जिथे कॅरॅव्हॅनच्या चासीला लागते, तिथे रंगावरच वॉशर बसवलेला होता. रंग घासून लोखंड उघडं केलं, नवीन थिंबल लावली, वर ग्रीस. मिणमिण बंद.

दुपारी बारा

आता दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि त्याला लागतो माणसाचं वजन करायचा साधा घरगुती काटा. कॅरॅव्हॅन सपाट जागी, चाकांना ओट लावलेली. टोपीखाली काटा, त्यावर गोळ्याच्या उंचीइतका लाकडी ठोकळा, आणि टोपी हळूच त्यावर टेकवायची. काटा दाखवतो ते नाकावरचं वजन. कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के हवं. ९६० ला म्हणजे साधारण ४८ ते ६७ किलो.

आलं ३० किलो.

तीस किलो म्हणजे शेपूट जड. अशी कॅरॅव्हॅन गावातून नीट जाते. हायवेवर शेजारून बस भरधाव निघून गेली की हवेच्या ढकलीने मागचा भाग डोलतो, नाक गाडीला धरून ठेवत नाही, आणि डोलणं वाढत जातं. आत शिरून पाहिलं. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी, ५५ किलोची, आसापासून सव्वा मीटर मागे कपाटात होती. वायर आखूड पडावी म्हणून बनवणाऱ्याने तिथे ठेवलेली. ती उचलून आसाच्या जरा पुढे जमिनीलगत आणली, कोनपट्टी आणि पट्ट्यांनी आवळली. काटा ५६ वर स्थिरावला. एकूण वजनात एक किलोचाही फरक नाही, नुसती जागा बदलली.

काका म्हणाले, "मग सगळंच पुढे नेऊ की!" तेही नको. नाकावरचं वजन फार झालं की गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि पुढचा ब्रेक दोन्ही कमी धरतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चारही चाकांच्या कमानींची उंची जोडण्याआधी आणि जोडल्यावर टेपने मोजून मी दारावर खडूने लिहून ठेवतो.

दुपारी दोन

डबे खाता खाता कागदपत्रं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी वेगळी, नंबर प्लेट वेगळी. काकांचं पुस्तक एमएच-०४ चं, सगळं जागेवर. २०२१ मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून चौकश्या वाढल्या. मुक्कामाच्या जागांची चर्चा होते तशी जोडणीच्या तपासणीचीही व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

टायर. गाडीच्या मागच्या चाकांत दारावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलेली हवा. कॅरॅव्हॅनच्या टायरवरचे चार आकडे वाचले: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कॅरॅव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून कडक होतात. नक्षी कोरी दिसली तरी बाजूच्या भेगा पाहा.

दुपारी तीन

चाचणीची फेरी, गायमुखला. घाट छोटा, पण चढ, वळणं आणि खड्डे सगळं एकदम मिळतं. निघण्याआधी साखळ्या टोपीखालून फुलीत अडकवल्या. ब्रेकअवेची तार गाडीच्या बारला लावली, गोळ्यावर नुसती टांगली नाही. कॅरॅव्हॅन सुटलीच तर ती तार तिचा हँडब्रेक ओढून मग तुटते.

हिचे ब्रेक ओव्हररन जातीचे आहेत. गाडी मंदावली की कॅरॅव्हॅन पुढे ढकलते, नाकातला दांडा दाबला जातो आणि ड्रम धरतात. उतारावर ती सतत ढकलत असते, म्हणून गाडी नुसत्या इंजिनवर आवरली तरी मागचे ड्रम तापतात. उतरून थर्मामीटर लावला. दोन्ही चाकं जवळपास सारखी गरम, म्हणजे दोन्ही सारखं धरतात. एक गार असतं तर परत येऊन केबल जुळवली असती. कसारा उतरताना वेग कमी, गिअर खालचा, आणि ब्रेक तापल्याचा वास आला की सुरक्षित जागा पाहून थांबा, एवढं काकांकडून दोनदा वदवून घेतलं.

संध्याकाळी सहा

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत रिव्हर्स. काकूंना लवकर जमलं. डोलणं सुरू झालं तर काय करायचं तेही दोघांना सांगितलं: अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, उलटं फिरवू नका, जोरात ब्रेक मारू नका. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कोणीही बसायचं नाही, झोपायलाही नाही.

तुम्हीही अशी गाडी जोडून घेत असाल तर काट्याची पावती आणि नाकावरचं वजन लिहून मागा. देत नसतील तर गाडी तशीच परत आणा. आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर, नाशिकच्या वाटेवर शहापूरच्या आसपास, गाडी बाजूला घ्या आणि चाकांचे नट पान्याने पुन्हा एकदा आवळा.