ग्रामीण शाळेतील पाणी व शौचालय : बांधणी आणि वहिवाट

ग्रामीण शाळेच्या सुधारणेचा विचार होत असता पाणी व शौचालय यांची गणना सामान्यतः इमारतीच्या तपशिलात केली जाते. वर्गखोल्या किती, फळे किती, तद्वत् शौचालय आहे किंवा नाही, एवढीच नोंद दप्तरात होते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालये आणि सर्व मुलांना पुरेसे व सुरक्षित पिण्याचे पाणी हे शाळेचे किमान निकष ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये ही सोय सहा महिन्यांत करण्याचा आदेश राज्यांना दिला. आणि १५ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधानांनी सर्व शाळांत मुलींसाठी स्वतंत्र शौचालये वर्षभरात बांधण्याचा संकल्प जाहीर केला. या सोयींमुळे शाळेचे जीवन कोणत्या मार्गाने व कोणत्या अटीवर बदलते, हा प्रश्न मात्र स्वतंत्र विवेचनाची अपेक्षा करतो.

प्रथम पटसंख्येचा विचार करणे इष्ट होईल. भारतात २००३ साली हाती घेतलेल्या शालेय शौचालयांच्या योजनेचा परिणाम अंजली अडुकिया यांनी तपासला असून त्यांचे विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान वयाच्या मुलामुलींची पटसंख्या कोणत्याही प्रकारचे शौचालय झाले तरी वाढली. वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत मात्र ही वाढ मुख्यतः स्वतंत्र शौचालय असलेल्या शाळांत आढळली. हा भेद अर्थपूर्ण आहे. लहान मुलास उघड्यावरील घाणीपासून होणाऱ्या रोगांचे भय अधिक. वयात येणाऱ्या मुलीस आडोशाची व सुरक्षिततेची निकड अधिक. परीक्षेतील गुण मात्र या सोयीने वाढल्याचे त्या अभ्यासात दिसले नाही. शाळेत आलेल्या मुलीस शिकविण्याचे काम अर्थातच शिक्षकाकडे राहते.

आरोग्याच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. विष्ठेतील जंतू हात, माशी, पाणी व माती या वाटांनी तोंडापर्यंत पोचतात. शौचालयाने माती व माशी या वाटा पुष्कळ अंशी बंद होतात. हाताची वाट साबण आणि पाणी यांवाचून बंद होत नाही. केनियातील न्यान्झा प्रांतात प्राथमिक शाळांवर जे प्रयोग झाले, त्यांचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या दृष्टीने उद्बोधक आहेत. पाण्याचे शुद्धीकरण व स्वच्छतेचे शिक्षण यांमुळे काही भागांत मुलींची गैरहजेरी लक्षणीय घटली. परंतु ज्या शाळांत त्यांच्या जोडीला नवी शौचालयेही बांधली गेली, तेथे मुलींच्या हातांवर ई. कोलाय जंतू आढळण्याचे प्रमाण वाढले. शौचालयाचा वापर वाढला, पण हात धुण्याची सोय त्या मानाने वाढली नाही, असा याचा उलगडा संभवतो.

म्हणजे खरा प्रश्न रोजच्या पाण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शालेय मानकांनुसार दिवसाच्या शाळेस दरडोई ५ लिटर, आणि पाणी ओतून वापरावयाच्या शौचालयासाठी आणखी १.५ ते ३ लिटर पाणी रोज लागते. शंभर मुलांच्या शाळेत हा हिशेब ६५० ते ८०० लिटरांवर जातो. पंधरा लिटरांच्या घागरीने तो भरून काढावयाचा तर ४४ ते ५४ खेपा होतात. आवारात नळ वा हातपंप नसेल, किंवा उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला असेल, तर या खेपा घरी पाणी भरणाऱ्या मुलींच्याच वाट्याला येण्याचा संभव अधिक. ज्या सोयीने मुलीने वर्गात यावयाचे, तीच सोय तिला वर्गाबाहेर काढते. शिवाय पाणी केवळ असून भागत नाही. टाकीत टीसीएल घातल्यावर अर्ध्या तासाने क्लोरिनचा अंश उरला आहे काय, हे ओ.टी. चाचणीने पाहणारे कोणी तरी असावे लागते.

उपरोक्त संकल्पानुसार केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी बांधलेल्या शौचालयांची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी केली. २०२० मध्ये संसदेस सादर झालेल्या त्यांच्या अहवालात, पाहणी केलेल्या शौचालयांपैकी ७२ टक्क्यांत वाहते पाणी नव्हते आणि ५५ टक्क्यांत हात धुण्याची सोय नव्हती, असे नमूद आहे. बांधणी आणि वहिवाट यांतील अंतर या आकड्यांत स्पष्ट दिसते.

या वहिवाटीस महाराष्ट्राच्या इतिहासात आणखी एक बाजू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या शालेय जीवनाची जी हकीकत लिहून ठेवली आहे, तीनुसार त्यांना नळास हात लावण्याची मुभा नव्हती. शिपाई नळ सोडी तेव्हाच पाणी मिळे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. नळास पाणी होते; नव्हता तो त्यावरचा अधिकार. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाचा विषयही हाच होता. शाळेतील पाणवठा सर्वांस सारखाच खुला असणे हा म्हणूनच शिक्षणाचा भाग ठरतो. सफाईचेही तसेच आहे. शौचालय धुण्याचे काम विशिष्ट जातीच्या मुलांवर पडू लागले, तर नव्या वास्तूत जुनाच धडा गिरविला जाईल. स्वतः हाती खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या गाडगेबाबांचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. मात्र रोजच्या सफाईसाठी वेतन देऊन माणूस नेमणे हाच निर्धोक उपाय होय.

या विषयाच्या क्षेत्रपाहणीत ‘आहे’ वा ‘नाही’ एवढी नोंद पुरेशी नाही. चैत्रात भर दुपारी नळास पाणी येते काय, साबण कोणत्या खर्चातून येतो, मुलींच्या शौचालयाची किल्ली कोणाजवळ असते, टाकी कोण भरते आणि सफाई करणाऱ्याचे वेतन कोण देते, या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या ऋतूंत व प्रत्यक्ष पाहून टिपली गेली, तरच या सोयींनी शाळेत काय बदलले याचे विश्वसनीय अनुमान काढता येईल.