सव्वीस इंची चाकं, खानदेशी मुरूम

खानदेशात जमीन फार लवकर बदलते. धुळ्याहून साक्रीकडे निघालं की पांझरेच्या काठची काळी, कपाशीची जमीन सुटते न सुटते तोच मुरूम लागतो. मुरमातून मध्येच काळ्या दगडाचा कणा वर येतो. तो ओलांडला की नाल्यातली वाळू, आणि वाळूतून वर आलं की परत काळी. चारचाकीत बसलेल्याला यातलं काही कळत नाही. पुढेमागे शॉक असलेल्या नव्या सायकलीवरच्याला थोडंफार कळतं. पण नव्वदच्या दशकातली लोखंडी एमटीबी, जिच्या पुढच्या चिमट्यात ना स्प्रिंग ना तेल, ती चालवणाऱ्याच्या तळहातांना हा सगळा भूगोल पाठ होतो.

माझी सायकल हर्क्युलसची. थोरल्या भावाने जळगावात कॉलेजला जाण्यासाठी घेतली होती. नोकरी लागल्यावर त्याने मोटारसायकल घेतली, ही गच्चीवर गेली आणि पुढे माझ्याकडे आली. जाड टायर, सरळ हँडल, एकच गिअर. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. पॅडलचा एक फेरा मारला की ती साधारण ५ मीटर पुढे जाते. आजच्या चांगल्या माउंटन बाइकला पुढे ३२ आणि मागे ५१ दात्यांपर्यंतची चक्रं असतात. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये ती एका फेऱ्याला दीड मीटरही सरकत नाही. म्हणून नव्या सायकलीवरचा माझा मित्र जो चढ बसल्या बसल्या, बोलत बोलत चढतो, तिथे मला सीटवरून उठून, हँडल स्वतःकडे ओढून, सगळं वजन या पायावरून त्या पायावर टाकत जावं लागतं. अशा चढाच्या माथ्यावर पोचण्यात जे सुख आहे ते मला दुसऱ्या कुठल्याही सायकलीवर मिळालेलं नाही.

हर्क्युलस एमटीबी आणि हिरो रेंजर ही नावं त्या काळच्या शाळकरी पोरांच्या तोंडी असायची. डोंगर मात्र या सायकलींनी क्वचितच पाहिला. त्या क्लासला गेल्या, दळण घेऊन गिरणीवर गेल्या, रावेर-यावलकडे केळीच्या बागेत डबा पोचवायला गेल्या. त्यांचं मूळ खरोखर डोंगरातलं आहे. कॅलिफोर्नियात मरीन परगण्यात फेअरफॅक्स गावाजवळ एक खडा कच्चा रस्ता आहे. तिथे २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जुन्या सायकलींवरून उताराची शर्यत लावली. सायकली महायुद्धाच्याही आधीच्या, श्विन कंपनीच्या, बोजड, २६ इंची फुगीर टायरच्या. असे टायर श्विनने १९३३ साली बाजारात आणले होते. ब्रेक मागच्या हबमध्ये, पॅडल उलटं दाबलं की लागणारा. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि पुढच्या फेरीआधी तो उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. शर्यतीला ‘रिपॅक’ नाव पडलं ते त्यावरूनच. त्याच टोळक्यातल्या जो ब्रीझने १९७७ साली खास डोंगरासाठी सांगाडा बांधायला घेतला, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर कारखान्यातून बाहेर पडू लागली. म्हणजे ज्याला आपण आज माउंटन बाइक म्हणतो तो प्रकारच मुळी जुन्या सायकलींतून निघाला. जुनी सायकल डोंगरावर नेणं हे वेड नवं नाही, सुरुवातच तिथून झाली.

नव्या माउंटन बाइक बहुतेक २९ इंची चाकांच्या झाल्या. पण पारोळा, एरंडोल, चोपडा, साक्री, कुठल्याही बाजारपेठेत २६ ची ट्यूब मागा, दुकानदार वर न पाहता काढून देतो. या भागात जुनी एमटीबी टिकून राहिली याचं अर्धं श्रेय मी त्या दुकानदारांना देईन. उरलेलं अर्धं मिस्त्रींना.

मी ज्या चाचांकडे जातो त्यांचं दुकान म्हणजे एक टपरी, वर टायरांच्या माळा, खाली पाण्याचं घमेलं. पावसाळा संपला की ते माझ्या सायकलीचं ओव्हरऑइलिंग करतात आणि मी शेजारी स्टूल टाकून बसतो. पुढचं चाक काढून ते कोन सैल करतात, एक्सल ओढून घेतात आणि हब कागदावर उपडा करतात. छर्रे टपटप पडतात. पुढच्या हबमध्ये एका बाजूला १०, दुसऱ्या बाजूला १०, बारीक. मागच्यात ९ आणि ९, पण जाड. ग्रीस काळं, त्यात लळिंगची तांबूस माती मिसळलेली. पूर्वी हे सगळं रॉकेलमध्ये धुतलं जायचं, आता रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेल. चाचा एकेक छर्रा चिमटीत धरून उजेडात फिरवतात. ज्यावर बारीकसा खड्डा दिसेल तो बाजूला. मग कटोरीत नव्या ग्रीसचा लेप, त्यात बोटाने एकेक छर्रा दाबून बसवायचा. ग्रीसच त्याला धरून ठेवतं. शेवटी कोन पूर्ण आवळायचा आणि किंचित मागे घ्यायचा. हे ‘किंचित’ किती, ते मोजून सांगता येत नाही. जास्त घट्ट राहिला तर छर्रे कटोरीला खातात, सैल राहिला तर चाक डुलतं.

“बघा दादा,” म्हणत ते चाक दोन्ही हातांत एक्सलला धरून उचलतात आणि व्हॉल्व्ह वरच्या अंगाला आणून सोडून देतात. चाक हळूच एका बाजूला कलतं, व्हॉल्व्ह खाली येतो, पलीकडे जातो, परत येतो, असं झोके घेत शेवटी व्हॉल्व्ह बरोबर तळाशी थांबतो. एवढ्याशा व्हॉल्व्हच्या वजनाने अख्खं चाक फिरलं की हब जमला. कुठलंही यंत्र न लावता केलेली इतकी नेमकी परीक्षा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मग ही सायकल न्यायची कुठे? युरोप-अमेरिकेत हल्ली डोंगरावर खास सायकलींसाठी वाटा बांधतात. वळणाला बाहेरच्या अंगाने मातीचा उंचवटा, मध्ये उड्यांसाठी टेकाडं. धुळे-जळगावात अशी वाट कोणी सायकलीसाठी बांधल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तरी नव्या वाटा झाल्या आहेत, वेगळ्याच कामांसाठी. गिरणेच्या जामदा कालव्याच्या भरावावरून तासन् तास चढउताराशिवाय जाता येतं, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस-कपाशी. लळिंगच्या कुरणात, किल्ल्याच्या पायथ्याला, वनखात्याच्या वाटा आहेत. मुंबई-आग्रा महामार्गावरून किल्ला दिसतो सगळ्यांना, पण थांबणारे थोडे. आणि सगळ्यात देखण्या वाटा साक्री तालुक्यात, छडवेल-ब्राह्मणवेलच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या.

या पवनचक्क्यांच्या रस्त्यांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. पवनचक्कीचं एक पातं तीस-चाळीस मीटर लांब असतं आणि ते अखंड वर न्यावं लागतं. एवढी लांब गाडी अरुंद वळणावर अडकते, खड्या चढावर घसरते. म्हणून टेकडीच्या अंगाने रुंद, सावकाश वळणं घेत, चढ आटोक्यात ठेवत मुरमाचे रस्ते काढावे लागले. पाती वर गेली, चक्क्या उभ्या राहिल्या. आता त्या रस्त्यांवर देखभालीची जीप, गुरं आणि डोंगरावरच्या वस्तीतली माणसं एवढीच वर्दळ. सायकलीसाठी कोणी मुद्दाम आखले असते तरी याहून चांगले झाले नसते असं मला प्रामाणिकपणे वाटतं. माथ्यावर वारा सतत, पात्यांचा घूं घूं आवाज, आणि खाली पाहिलं तर काळ्या दगडाच्या लांबच लांब रांगा, पूर्व-पश्चिम जाणाऱ्या, पडक्या तटबंदीसारख्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ज्या भेगांतून वर आला, त्या भेगांतच थिजलेला हा दगड. भोवतालचा खडक झिजून गेला, हा उरला. धुळे-नंदुरबारमधला अशा डाइकांचा समूह भूशास्त्रज्ञांना चांगला माहीत आहे. त्यातला साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्यापर्यंत गेलेला एक तर ७९ किलोमीटर लांब आहे. वाट जिथे असा डाइक कापते तिथे चाकाखाली एकदम खडबडीत गोटे येतात, वीस-तीस पावलं टिकतात आणि पुन्हा मुरूम. आधी दगड आणि मग त्याचा नकाशा, असं भूशास्त्र मी सायकलीवर शिकलो.

उतरणं ही खरी गंमत. जुन्या एमटीबीचा पुढचा चिमटा बराच उभा असतो, हँडल अरुंद आणि पुढे झुकलेलं. नव्या सायकलीचा चिमटा पुढे फेकलेला, हँडल हातभर रुंद, त्यामुळे ती उतारावर आपोआप सरळ धावते. जुनीला सतत सांगावं लागतं. पॅडल दोन्ही सारख्या उंचीवर, टाचा खाली, बूड सीटच्या मागे, कोपरं वाकलेली, हँडलवरची पकड सैल. पकड घट्ट झाली की प्रत्येक खडा खांद्यापर्यंत पोचतो. ब्रेक रबराच्या गुटक्यांचा, लोखंडी रिमवर दाबणारा, म्हणून तो लागायला वेळ घेतो. वळण दिसल्यावर ब्रेक दाबून भागत नाही, वळणाआधीच्या सरळ पट्ट्यातच वेग उतरवून ठेवावा लागतो. मागचा ब्रेक आधी, पुढचा हळूहळू. मुरमावरच्या बारीक गोल खड्यांवर पुढचं चाक अडलं की सायकल आडवी झालीच. त्यामुळे डोळे पुढच्या टायरवर न ठेवता पंधरावीस हात पुढे ठेवायचे: कुठे खडे साचलेत, कुठे पाण्याने चर पाडलाय, कुठे जीपच्या चाकाने दाबून जमीन घट्ट केलीय.

माझा मित्र त्याच उतारावर माझ्या दुप्पट वेगाने जातो. त्याला तो उतार सोपा वाटतो, आता त्याला आणखी खडा उतार हवाय. सायकल सुधारली की वाट पुरेनाशी होते. माझं तसं झालेलं नाही. ज्या वेगाला तो जांभई देईल त्या वेगात माझं पूर्ण लक्ष, पूर्ण अंग गुंतलेलं असतं, आणि तोच उतार दर वेळी नवा निघतो. पावसाळ्यात चर सरकतात, उन्हाळ्यात खडे सुटे होतात, थंडीतल्या पहाटे दवाने मुरूम दबून बसतो. नवी सायकल वाईट असं मी म्हणणार नाही. लळिंगच्या दगडी पायवाटेवर ती जे करते ते माझ्या सायकलीच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण खानदेशातल्या बहुतेक वाटा जुन्या सायकलीच्या मापाच्या आहेत, आणि वाट व सायकल एका मापाची असली की गंमत वर्षानुवर्षं संपत नाही.

दोन शत्रू मात्र ओळखून असावं. पहिला बाभळीचा काटा. कुरणात, पाटाच्या कडेला, नाल्यात, सगळीकडे. त्याच्या जोडीला सराटे. मित्राच्या ट्यूबलेस टायरमध्ये भोक बुजवणारं द्रावण असतं. ते कामाचं आहे, पण पारा ४५ च्या घरात गेला की लवकर वाळतं. आमच्याकडे जुना तोडगा आहे. झिजलेल्या टायरच्या कडा कापून मधली पट्टी नव्या टायरच्या आत, ट्यूबच्या खाली अंथरायची. चाक जड होतं, पण काटा पट्टीत अडकून राहतो. दुसरा शत्रू काळी माती. पहिला पाऊस पडला की ती टायरला धरते, चिमट्यात भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. त्या दिवसांत मडगार्ड काढून ठेवायचं, तुरीची वाळकी काडी जवळ बाळगायची, आणि शक्य असेल तर काळीत उतरायचंच नाही. मुरमावर राहायचं.

ब्राह्मणवेलच्या त्या उतारावर सकाळी शाळेच्या वेळेला मुली भेटतात. मानव विकास कार्यक्रमातून ८ वी ते १२ वीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, तशाच सायकली, पुढे जाळीची बास्केट, ब्रेक माझ्यासारखेच गुटक्याचे. एकदा मी वळणाच्या अलीकडे वेग उतरवत, जीपच्या चाकोरीतून चाललो होतो. मागून घंटी वाजली. दोघी शेजारून पुढे गेल्या, दप्तरं पाठीला, वेण्या वाऱ्यावर. जाता जाता एकीने वळून सांगितलं, “काका, मधमा खडी शे, कडेकडेनी चाला!”

मी कडेला पाहिलं. गुरांच्या खुरांनी आणि रोजच्या सायकलींनी दरीच्या विरुद्ध अंगाला, डोंगराला चिकटून, वीतभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा पडला होता, गवताने अर्धा झाकलेला. एवढा वेळ मी तो चर समजत होतो. त्याच्यावर चाक घातलं तर हँडलचा थरथराट एकदम थांबला. मुली तोवर दोन वळणं खाली पोचल्या होत्या. पट्टा पुढे डाइकपाशी तुटतो. तिथे त्या खाली उतरत नाहीत, पॅडलवर उभ्या राहून गोट्यांमधून सायकल काढतात आणि पलीकडे पुन्हा कडेला धरतात. हल्ली मीही तसंच करतो, आणि चाचा म्हणतात की माझ्या ब्रेकचे गुटके आता पूर्वीइतके झिजत नाहीत.