आभाळाचा डेटा आणि आदिलाबादची पोरे

आदिलाबाद आणि हिंगोली यांच्या मधे एकच जिल्हा येतो, नांदेड. त्या हिंगोलीत, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ती सुरू होईल तेव्हा होईल. तेलंगणात राहून घरी मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनी तोवर वाट पाहत बसू नये, असे मला मनापासून वाटते. आभाळाची निरीक्षणे आज ढिगाने पडून आहेत, ती पाहणारे डोळे कमी पडताहेत.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची गोष्ट पाहा. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तिथे जीएमआरटी उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही रेडिओ दुर्बीण. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झवर आभाळाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग पालथा घातला. निरीक्षणे दोन हजार तासांहून अधिक. पण रेडिओ दुर्बीण आयते चित्र देत नाही. तबकड्यांच्या प्रत्येक जोडीने टिपलेले संकेत जुळवून ते गणिताने काढावे लागते. त्यात इतक्या कमी वारंवारतेच्या लहरींना वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर वाकवतो आणि रेडिओ स्रोत जागचे हललेले दिसतात. हा सारा कच्चा डेटा ऑनलाइन खुला होता. ह्यूब इंटेमा या डच शास्त्रज्ञाकडे हा दोष काढून टाकणारी संगणकप्रणाली होती. अमेरिकेत बसून त्याने सहकाऱ्यांसह सगळी निरीक्षणे नव्याने सोडवली. २०१७मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली, चित्रेही सर्वांसाठी खुली झाली.

मग ती पाहायची कुणी? डॉ. आनंद होता या खगोलशास्त्रज्ञांनी एप्रिल २०१३मध्ये ‘रॅड अ‍ॅट होम’ हा उपक्रम सुरू केला होता. वेगळी इमारत नाही, फेसबुकवरचा गट हीच प्रयोगशाळा. पदवीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना शिबिरात दृश्य प्रकाशातले आणि रेडिओतले चित्र एकावर एक ठेवून वाचायला शिकवायचे. मग कुणाला काही वेगळे दिसले की ते गटात मांडायचे, त्यावर खल करायचा, आणि ते टिकले तर जीएमआरटीकडे निरीक्षणासाठी वेळ मागायचा. एका दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळताना दाखवणारी ‘रॅड-१२’ ही जोडी अशीच हाती लागली. तिच्यावरचा शोधनिबंध २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. २०२५मध्ये याच उपक्रमाने नेदरलँड्सच्या लोफार दुर्बिणीच्या डेटातून एक दुर्मीळ दुहेरी रेडिओ वर्तुळ शोधले.

संगणक हे का करत नाही, असा प्रश्न पडतो. शिकवलेले आकार तो झपाट्याने ओळखतो. कधीच न पाहिलेला आकार मात्र त्याच्या हातून सहज निसटतो. अमेरिकेत आधीच चालू असलेल्या लायगोची अडचणही याच जातीची. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल मोजणाऱ्या या यंत्रात क्षणिक खडखडाटही नोंदवला जातो, आणि तो खऱ्या लहरीला झाकतो. २०१६पासून ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ हा प्रकल्प झूनिव्हर्स या संकेतस्थळावर अशा खडखडाटांची चित्रे सामान्य लोकांसमोर ठेवतो. लोकांनी लावलेल्या वर्गवारीवर संगणक शिकतो. खडखडाटाचे काही नवे प्रकार तर स्वयंसेवकांनीच प्रथम ओळखले. औंढ्याची वेधशाळा चालू झाली की तिलाही ही कटकट चुकणार नाही, आणि तेव्हा सराव झालेली माणसे लागतील.

ती शेजारच्या जिल्ह्यांतली का नसावीत? झूनिव्हर्सला शुल्क नाही, लायगोचा प्रसिद्ध झालेला डेटा कुणालाही उतरवून घेता येतो, जीएमआरटीची बहुतेक निरीक्षणे दीड वर्षानंतर खुली होतात. खरी अडचण इंग्रजीची आहे, आणि ती खोटी नाही. पण झूनिव्हर्सवरचे प्रकल्प स्वयंसेवकांना आपल्या भाषेत आणण्याची सोय आहे. आदिलाबाद, किनवट, हिंगोलीच्या महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर विद्यार्थ्यांना सोबत घेऊन हे काम हाती घ्यावे, ही त्यांना विनंती.