चाकणचा वेढा : साधने आणि निष्कर्ष

पिंपरी येथे सन १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या काळात या परिसराचे रूप पालटत गेले. औद्योगिक वसाहती चिंचवड-भोसरी ओलांडून चाकणपर्यंत पोहोचल्या. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या कामगारांची मुले आज येथील शाळांत शिकत आहेत. आपण राहतो त्या गावाचा पूर्वेतिहास त्यांना कळावा, या हेतूने शाळांतून निबंध लिहून घेतले जातात आणि स्थानिक संस्था माहितीफलक उभारतात. उपक्रम स्तुत्य होय. तथापि एखाद्या पुस्तकातील उतारा उतरवून काढणे म्हणजे इतिहासलेखन नव्हे, आणि फलकावरील चूक तर वर्षानुवर्षे वाचली जाते.

चाकणच्या भुईकोटाला, म्हणजे संग्रामदुर्गाला, शाइस्ताखानाने घातलेल्या वेढ्याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. सन १६६० च्या जून-ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, फिरंगोजी नरसाळा यांनी हा लहानसा किल्ला सुमारे ५५ दिवस लढविला. १४ ऑगस्ट रोजी सुरुंगाने बुरूज उडाला व दुसऱ्या दिवशी किल्ला मोगलांच्या हाती गेला.

या घटनेची साधने एका जातीची नाहीत. मुहम्मद काझिम याचा ‘आलमगीरनामा’ हा औरंगजेबाच्या दरबाराचा अधिकृत फार्सी इतिहास. मोगलांचे २६८ लोक ठार व ६०० जखमी झाल्याचा आकडा त्यातूनच मिळतो. हा ग्रंथ विजेत्याचा, म्हणून तो बाजूस सारावा असे काहींना वाटेल. वस्तुतः येथे नेमके उलट घडते. स्वपक्षाची हानी फुगवून सांगण्यात दरबारी लेखकाचा काहीच लाभ नव्हता; त्यामुळे किल्ल्याचा प्रतिकार कडवा होता, या विधानाला प्रतिपक्षाचीच साक्ष मिळते. मात्र त्याच ग्रंथातील बादशाही पराक्रमाची वर्णने तितक्या सहजतेने स्वीकारता येणार नाहीत. एकाच साधनातील एक विधान भक्कम आणि दुसरे डळमळीत असू शकते, हे पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही.

मराठी बखरींची गोष्ट वेगळी. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिली गेली, तर मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटनेनंतर सुमारे दीडशे वर्षांनी लेखन केले. समकालीन अस्सल कागदपत्रांचे मोल बखरींहून अधिक, हा आग्रह इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सन १८९८ पासून साधनांचे खंड प्रसिद्ध करीत धरला, तो याच कारणासाठी.

किल्ल्यात तीन-साडेतीनशे लोक होते, असे सर्रास लिहिले जाते. हे विधान दहा पुस्तकांत आढळले, तर दहा पुरावे मिळाले असे विद्यार्थ्यास वाटते. त्या दहाही लेखकांनी ते एकाच मूळ ठिकाणाहून घेतले असल्यास पुरावा एकच राहतो. म्हणून ‘कोणी लिहिले’ याच्या जोडीने ‘कोठून घेतले’ हेही शिक्षकांनी विचारावे. किल्ल्याचे अवशेष हेही एक साधनच आहे. उरलेला तट व खंदकाची जागा पावलांनी मोजली, तर केवढ्या शिबंदीची तेथे सोय होऊ शकेल याचा स्वतंत्र अंदाज मुलांनाही बांधता येतो.

तारखांविषयी विशेष दक्षता हवी. फार्सी साधनांत हिजरी सन, मराठी साधनांत शक, आणि इंग्रजी ग्रंथांतील रूढ तारखा बहुधा जुन्या इंग्रजी पद्धतीच्या; नव्या पद्धतीहून त्या दहा दिवसांनी मागे पडतात. दोन पुस्तकांतील तारखा जुळत नसल्या, तर त्यांपैकी एक खोटे ठरविण्यापूर्वी कालगणना पाहावी.

चाकणच्या अनुभवामुळेच खानाने पुढे डोंगरी किल्ल्यांचा नाद सोडला, असा निष्कर्षही काढला जातो. सन १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज कोकणात उतरताना उंबरखिंडीत पराभूत झाली आणि शाइस्ताखान सन १६६३ मधील लाल महालावरील छाप्यापर्यंत पुण्यात होता, या ज्ञात घटना होत. त्यांची चाकणशी जोडलेली कारणपरंपरा हे मात्र अनुमान आहे. ते संभवनीय असेल. निबंधात ते ‘असे दिसते’ या शब्दांनीच यावे. त्याचप्रमाणे फलकावर मोगलांच्या हानीचा आकडा देताना ‘मोगल दरबारी इतिहासानुसार’ हे शब्द जागेअभावी गाळू नयेत, आणि अखेरीस किल्ला पडला ही गोष्टही गाळू नये.