रिटायर झाल्यावर चाकांवर संसार अन् जत्रेत दुकान, वऱ्हाडात हे जमतं का?

परदेशातल्या रिटायर्ड जोडप्यांचे रील तुम्ही पाहिलेच असतील. मोटरहोममध्येच संसार, आज या प्रदर्शनात विक्री, उद्या त्या. आपल्याला हे भारी नवीन वाटतं, पण त्याआधी एकदा बहिरमला जाऊन या.

अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी ही यात्रा भरते. २० डिसेंबरच्या आसपास सुरू होते ती महिनाभर तरी चालते. हंडीतलं मटण आणि रोडगे खायला अमरावती-अकोल्याहून गाड्या भरून लोक येतात. (इथली पशुहत्या थांबावी म्हणून गाडगेबाबांनी कीर्तनं केली होती, हेही लक्षात असू द्या.) एवढे दिवस धंदा करायचा तर बाहेरगावचा दुकानदार पालामागेच चूल मांडतो, तिथेच झोपतो. यात्रा उठली की सामान टेम्पोत आणि पुढची जत्रा. मोटरहोमच ते, फक्त बेड आणि एसी नाही.

आता सरकारी कागद बघू. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. गाडी उभी करायला जागा, पाणी, वीज, शौचालय असा सगळा विचार त्यात आहे, पण पर्यटकांसाठी. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. तो शहरांपुरता. खेड्यातली जत्रा त्यात बसत नाही.

म्हणजे साठीतले नवरा-बायको गावोगाव खेळणी विकत असतील, तर ते ना पर्यटक, ना कायद्यातले फेरीवाले. दर जत्रेत जागा नव्याने मिळवायची, पाणी शोधायचं आणि जानेवारीच्या थंडीत पालातच झोपायचं.