माल केव्हा निघेल, ते स्पष्ट कळवावे

देवगाव फाट्यासारख्या ठिकाणाहून हळद वा तूरडाळ ऑनलाइन विकणाऱ्या शेतकऱ्याने ग्राहकास ‘माल लवकरच पाठवू’ असे कळवू नये. ‘लवकर’ म्हणजे विकणाऱ्यास आठवडा, घेणाऱ्यास उद्या! ‘तीन दिवसांत’ हेही संदिग्धच. ते दिवस मागणीपासून मोजावयाचे की पैसे मिळाल्यापासून? त्यापेक्षा ‘पार्सल गुरुवार, दि. १२ मार्च रोजी येथून निघेल. पुण्यास सोमवार, दि. १६ पर्यंत पोचणे अपेक्षित आहे’ असे लिहावे. निघण्याचा दिवस व पोचण्याचा दिवस हे दोन निराळे होत. तक्रारी बहुधा येथेच उद्भवतात. पाठवणीविषयीची माहिती देणे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्यावर बंधनकारकही आहे. अवकाळी पावसाने हळद वाळली नसेल, तर ठरलेला दिवस उलटण्यापूर्वीच कारण, नवी तारीख आणि पैसे परत घेण्याची मुभा कळवावी.